रविवारी सगळ्यांना शिक्षा

हातातला चहा आधी संपवून घ्या, मग सांगते. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा आमच्या नणंदबाईंच्या नाकातनं चहा आला होता. आणि सोफा नवीन होता हो आमचा!

माझी फजिती झाली असं म्हणू का? छे, फजिती फार लहान शब्द आहे. एका भल्या घरच्या आजीनं माझ्याच घरात, माझ्याच वर्गासमोर, माझ्या हातातलं लाटणं हिसकावून घेतलं होतं. आणि ते पण कशामुळे? तर माझ्या शुद्ध मराठीमुळे!

आधी माझी ओळख करून देते, नाहीतर तुम्ही गोंधळात पडाल. मी करुणा. जन्म उज्जैनचा, शाळा उज्जैनची, सासर पण उज्जैनच. वडील नगरकडून एका दवाखान्यात कंपाउंडर म्हणून आले आणि इथलेच होऊन गेले. आम्ही मराठी ख्रिस्ती. महाकालच्या गावात आधीच आम्ही मूठभर, त्यात मराठी! ओळखीची मराठी माणसं विचारायची, "तुम्ही मराठी कशा काय?" आणि चर्चमधली विचारायची, "दीदी, आप मराठी में प्रार्थना क्यों करती हैं?" मी दोन्हीकडे एकच सांगायची, आईनं तशी शिकवली म्हणून.

बाबांना एक सवय होती. कुठलीही वस्तू हाताशी आली की ते त्यातनं प्रभूची गोष्ट काढायचे. कंदिलाची काच पुसता पुसता म्हणायचे, "बघ करुणे, ज्योत काही कमी झालेली नाही. काच काळी झालीये. आणि माणूस म्हणतो, देवानं उजेड दिला नाही." पाहुण्यांना रामघाट दाखवायला न्यायचे, तर तिथं बांधलेल्या नावेपाशी थांबायचे. "दोर किती ढिला सोडलाय बघ. नाव वाटेल तिकडे हलतेय, पण सुटलेली नाही. आपण तसेच." बटण तुटलं तर बटणावरून, दूध नासलं तर दुधावरून. जेवायला बसलो की वरणाची वाटी हातात घ्यायचे, आणि वरण गार होईपर्यंत आम्ही भावंडं टकमक बघत बसायचो. पोटात कावळे ओरडत असायचे. पण खरं सांगू? बाबांनी सांगितलेलं सगळं आजपर्यंत डोक्यात आहे. शाळेतलं एक अक्षर नाही.

बाबा गेले आणि त्यांचं हे काम मी उचललं. चर्चच्या मुलांचा रविवारचा वर्ग माझ्याकडे होता. हिंदीत घ्यायची. मुलांना सांगायची, घरून एकेक वस्तू आणा, मग मी त्या वस्तूवरून गोष्ट सांगणार. बाबांच्या काळी कंदील आणि सूप होतं. आता पोरं आणायची टीव्हीचा रिमोट! शाम्पूच्या पुड्या! तेव्हा गल्लीगल्लीत केबलवाले छतांवरून तारा ओढत होते, नुक्कडावर पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ निघत होते. रोज बाजारात काहीतरी नवीन यायचं, आणि रोज माझ्यासमोर नवीन परीक्षा. रिमोटवरून प्रभूची गोष्ट सांगून बघा तुम्ही! मी सांगितली आहे.

आणि अशात साळवे आले.

साळवे टेलिफोन खात्यात इंजिनियर. बदलीवर नगरहून थेट उज्जैनला. बरोबर बायको सुमती, दहा वर्षांची स्मिता, तिच्याहून लहान रूबेन, आणि साळव्यांची आई. ही आजी म्हणजे नगरच्या एका शाळेची रिटायर हेडमास्तरीण. पांढरी स्वच्छ साडी, ताठ पाठ, चष्म्याच्या वरून बघायची सवय. त्यांनी माझ्याकडे बघितलं की मला उगाच आठवायचं, आपण नखं कापली आहेत की नाही.

मला तर काय, खजिनाच सापडला! मराठी, ख्रिस्ती, आणि खुद्द नगरचे! मी धावत-पळत त्यांना फ्रीगंजमध्ये घर बघून दिलं, आमचा जास्तीचा गॅस सिलेंडर दिला, दूधवाला लावून दिला. सुमती इतकं गोड मराठी बोलायची की मी नुसती ऐकत बसायची. कधीकधी मी काही बोलले की ती जरा थांबायची, डोळे मिचकवायची, आणि मग "हो का?" म्हणायची. मला वाटायचं, माझ्या मराठीवर खूश झाली.

एक दिवस मीच म्हटलं, "सुमती, आपल्या मराठी घरांतल्या मुलांचा वर्ग मी माझ्या घरी मराठीत घेते. पोरांची भाषा पण टिकेल आणि प्रभूचं नाव पण कानावर पडेल."

तिचे डोळे भरून आले. "घ्या ना ताई! नवीन गावात मुलांना करमतच नाही हो."

बस्स. पुढच्याच रविवारी उपासना संपल्यावर, चर्चच्या फाटकापाशी उभं राहून, सगळ्या मराठी मंडळींसमोर मी मोठ्यानं जाहीर केलं. एकदम शुद्ध मराठीत.

"येत्या रविवारी दुपारी आमच्या घरी सगळ्या मुलांना रोजच्या वस्तूंतून शिक्षा दिली जाईल. प्रत्येकानं आपल्या घरून एक वस्तू आणायची आहे."

हसलात? म्हणजे तुम्ही महाराष्ट्रातले. उज्जैनवाले अजून हसले नसतील.

अहो, आमच्याकडे शिक्षा म्हणजे शिकवण! शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं असतं, शिक्षा. सरकारी पाटीवर लिहिलेलं असतं, शिक्षा विभाग. माझे हे, शांतवनराव, त्याच शिक्षा विभागात बाबू. जन्मभर हा शब्द मी रोज बोललेली. मराठीत त्याचा काही वेगळा अर्थ होतो, हे मला कोण सांगणार? आईला तर बिचारीला कधी शिक्षा करायची वेळच आली नाही. ती नुसतं बघायची.

पण सुमतीचा चेहरा पांढरा पडला.

"सगळ्यांना?" तिनं विचारलं.

"सगळ्यांना! लहान-मोठा भेद नाही. मी कोणाला सोडत नाही."

"पण ताई... वस्तू कसली?"

"काहीही चालेल. लाटणं, झाडू, चिमटा, पट्टा. वस्तू जेवढी साधी, तेवढी शिक्षा जबरदस्त!"

तिनं रूबेनला पदराखाली ओढून घेतलं. "आणि मुलांनी काही केलं नसलं तरी?"

"अगं, काही करायची वाट कशाला बघायची? लहानपणीच दिली पाहिजे. माझे बाबा मला रोज द्यायचे, जेवणाच्या ताटावर. म्हणून तर मी आज अशी आहे!"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, अशी बघायला लागली... मला वाटलं, बाबांची आठवण ऐकून गहिवरली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तर ती दचकलीच.

"आणि समजा, कोणाला यायला जमलं नाही तर?" तिनं हळूच विचारलं.

"मग मी घरी जाऊन देते. मागच्या वर्षी एका पोराला गोवर आला होता. त्याला खाटेवर दिली. तापात होता, पण एकदम शांत पडून घेतली बिचाऱ्यानं!"

आता सांगा, यात माझा काय दोष? एकेक शब्द खरा होता!

तिकडे साळव्यांच्या घरी काय झालं, ते मला नंतर कळलं. सुमतीनं आजींना सांगितलं. आजी म्हणाल्या, "शक्य नाही. तू ऐकण्यात चूक केली असशील. चांगल्या घरची बाई आहे." मग ठरलं की साळव्यांनी आमच्या ह्यांना भेटून खात्री करून घ्यायची.

हे त्यांना देवास गेटला भेटले, बस स्टँडसमोर, पोहे खाताना. आणि नेमकी त्याच दिवशी ह्यांच्या उजव्या हाताला पट्टी! सकाळी कुकरचं झाकण घाईनं उघडायला गेले आणि वाफ लागली होती.

साळव्यांनी बिचाऱ्यांनी आडून विचारलं, "शांतवनराव, वहिनी घरी पण... म्हणजे... शिक्षा वगैरे...?"

"अरे, रोज!" हे म्हणाले. "मी जेवायला बसलो की सुरू. हातात जी वस्तू येईल तिच्यानं. पहिले-पहिले मी पळून जायचो, अंगणात जाऊन बसायचो. आता सवय झाली."

"तुम्ही काही बोलत नाही?"

"काय बोलणार? सासरेबुवांपासून चालत आलंय. आणि खरं सांगू भैया, माझं तर भलंच झालं. आधी मी फार तापट होतो."

साळवे पट्टीकडे बघत राहिले म्हणे. मग त्यांनी ह्यांच्या पोह्यांचे पैसे पण दिले, आणि जाताना ह्यांचा डावा हात, जो चांगला होता तो, दोन्ही हातांत धरून म्हणाले, "प्रभू तुम्हाला बळ देवो."

हे घरी येऊन मला म्हणतात, "साळवे फार भला माणूस आहे. एकदम प्रेमळ!"

"आणि कुठं नोकरी करता, विचारलं की नाही त्यांनी?"

"विचारलं ना. सांगितलं, शिक्षा विभागात."

आता बोला!

रविवार आला. भर उन्हाळा. उज्जैनची दुपार माहीत आहे ना? रस्त्यावर कुत्रं पण दिसत नाही. आमच्या खोलीत खिडकीला कूलर लावलेला, आणि त्याचा आवाज असा की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागायचं. मी चटई घातली, मुलांसाठी रसना करून ठेवलं. रिमोट, झाडू, चिमटा, सगळं घेऊन वर्गातली मराठी घरांची नेहमीची पोरं हजर. जेनीनं लाटणं आणलं होतं. जेनी म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतली, घर मराठी पण तोंडात हिंदी, चुरूचुरू बोलणारी. तिला गोष्टीची इतकी हौस की वर्ग सुरू व्हायच्या आधीच तिचा हात वर!

शेवटी साळव्यांची मुलं आली. दारात उभी. दोघांनी एकमेकांचे हात घट्ट धरलेले. स्मितानं कापसाचा बोळा आणला होता, एवढासा. आणि रूबेननं काय आणलं असेल? उशी! छातीशी कवटाळलेली. आणि अंगात काय? त्या तसल्या गर्मीत पोरानं स्वेटर घातलेला! आणि पँट पण दोन, एकावर एक. घामानं निथळत होता.

मी कपाळाला हात लावून बघितला. तो डोळे गच्च मिटून उभा.

"ताप तर नाहीये. अरे बाळा, स्वेटर कशाला?"

"असू दे," तो पुटपुटला.

"बरं, उशी कोणी दिली तुला? आईनं? वा! उशीवरून तर इतकी छान शिक्षा देता येईल!" आणि मी मनापासून म्हणत होते हो. वादळात होडी बुडायला आली होती आणि प्रभू उशीवर डोकं टेकून शांत झोपले होते, ती गोष्ट मला लगेच आठवली. किती वर्षं वाट बघत होते मी, कोणी तरी उशी आणेल म्हणून! "आणि कापूस! स्मिता, तू पण हुशार आहेस. पण आधी लाटणं घेऊ. कापूस शेवटी."

स्मितानं बोळा मुठीत गच्च आवळला.

मी जेनीचं लाटणं उचललं, दुसऱ्या हातावर दोनदा आपटलं, कारण पोरं फार गलका करत होती, आणि कूलरच्या वरताण आवाज काढून म्हटलं, "चला! आधी कोणाला देऊ?"

"मला! मला! आंटी, पहिले मला!" जेनी उड्या मारायला लागली.

"नाही, मला झाडूनं द्या ना!"

"आंटी, मागच्या वेळी याला दोनदा दिली होती, मला एकदा पण नाही!"

साळव्यांची पोरं त्या सगळ्यांकडे बघत होती. त्यांच्या जागी मी असते ना, तर खिडकीतून उडी मारली असती.

"आज नवीन मुलांपासून सुरुवात करू," मी म्हटलं. "रूबेन, ये राजा. इथं माझ्यासमोर उभा राहा. उशी खाली ठेव."

रूबेन उठला. उशी काही सोडेना. मी लाटणं हातात घेऊन हसत हसत त्याच्याकडे वाकले, आणि तेवढ्यात स्मिता मध्ये येऊन उभी राहिली. चिमूटभर पोरगी, पण आजीसारखी ताठ पाठ.

"काकू, त्याची पण मला द्या."

"म्हणजे?"

"त्याची पण मलाच द्या. तो लहान आहे. त्याला सहन नाही होणार. मी दोन्ही घेते, लाटण्याची पण आणि... आणि झाडूची पण."

मला वाटलं, काय अभ्यासू मुलगी आहे! मी कौतुकानं म्हटलं, "नाही गं बाळा, ज्याची त्यालाच मिळते. एकाची दुसऱ्याला देता येत नाही."

"ठेवा ते लाटणं!"

दारात आजी. मागे साळवे, त्यांच्या मागे सुमती. डोळ्यांनी बघितल्याशिवाय भल्या घरच्या बाईवर आळ घ्यायचा नाही, असं आजींनी ठरवलं होतं, म्हणून मुलांना आत पाठवून तिघं पहिल्यापासून बाहेर दुसऱ्या खिडकीपाशी उन्हात उभे होते म्हणे. कूलरमुळे ऐकू अर्धंच येत होतं, पण लाटणं पूर्ण दिसत होतं. आजी खोलीत आल्या, माझ्या हातातलं लाटणं हिसकावलं आणि नातवंडांना मागे घातलं.

"नाव करुणा, आणि ही करणी? माझी आख्खी हयात शाळेत गेली, बाई. पहिल्याच वर्षी छडी कपाटात ठेवून कुलूप घातलं होतं मी. काय गुन्हा आहे या लेकरांचा?"

"गुन्हा?" माझं डोकंच चालेना. "गुन्हा कसला आजी? शिक्षा द्यायला गुन्हा कशाला लागतो?"

आजी भिंतीला टेकल्या. "ऐकलंस?" त्या साळव्यांना म्हणाल्या. "ऐकलंस ना कानानं?"

"अहो, माझ्या बाबांनी तर आख्ख्या मोहल्ल्याला दिली," मी घाईघाईनं सांगायला लागले. "शेजारच्या मिश्राजींची मुलं, दूधवाल्याची मुलं, जो समोर येईल त्याला! आजही भेटले की बाबांचं नाव काढून रडतात!"

"रडणारच!" आजी कडाडल्या.

इतक्यात हा गोंधळ ऐकून आतल्या खोलीतून आमचे हे आले, डोळे चोळत. हाताची पट्टी तशीच. साळवे चटकन पुढे झाले आणि ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शांतवनराव, आता घाबरू नका. आम्ही आहोत. मोकळेपणानं सांगा. हाताला हे कशानं झालं?"

"हे? हे तर कुकरनं."

"कुकरनं पण?" सुमती किंचाळली.

ह्यांना वाटलं, माझ्या गोष्टींबद्दल चाललंय. कौतुकानं म्हणतात, "कुकरनं तर पहिली! लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी. माझी आई पण होती समोर. तिला पण दिली."

सुमती मटकन चटईवर बसली. रूबेननं आईला बघून जे भोकाड पसरलं, की कूलरचा आवाज बंद झाला असं वाटलं. त्याचं बघून बाकीची दोन-तीन पोरं पण रडायला लागली, काही कारण नसताना. मी मध्ये उभी, हात रिकामे, तोंड उघडं. माझ्या घरात हे काय चाललंय, मला कोणी सांगेल का?

सांगितलं जेनीनं. ती इतका वेळ आजींकडे टक लावून बघत होती. तिनं आजींचा पदर ओढला.

"आजी, आप डर क्यों रही हो? शिक्षा तो अच्छी होती है। कहानी के आखिर में आती है ना! इस कहानी से हमें क्या शिक्षा मिलती है? वो वाली!"

आजींनी तिच्याकडे बघितलं. मग लाटण्याकडे. मग माझ्याकडे, चष्म्याच्या वरून, बराच वेळ.

"तात्पर्य?" त्या म्हणाल्या.

"काय?"

"तात्पर्य! बोध! गोष्टीच्या शेवटी येतो तो! बाई, तुम्हाला शिकवण म्हणायचंय का?"

"हो तर! मग इतका वेळ मी काय म्हणतेय? शिक्षा!"

साळव्यांनी डोक्याला हात लावला. सुमती तोंडावर पदर घेऊन बसली; रडतेय का हसतेय कळेना. आजी मात्र हेडमास्तरीण होत्या. त्यांनी तिथंच, सगळ्या पोरांसमोर, मला समजावून सांगितलं. मराठीत शिक्षा म्हणजे काय. मार म्हणजे शिक्षा. कोंडून ठेवलं म्हणजे शिक्षा. न्यायाधीश जी देतात ती पण शिक्षा.

मी मनातल्या मनात फाटकापाशी बोललेलं सगळं परत आठवायला लागले. लाटणं, झाडू, पट्टा. सोडत नाही. घरी जाऊन देते. गोवर आलेल्या पोराला खाटेवर!

"अरे देवा," मी म्हटलं. "आणि हे शिक्षा विभागात आहेत म्हणून सांगितलं, तेव्हा?"

"आम्हाला वाटलं, जेलर आहेत," साळवे हळूच म्हणाले.

मग जो हशा पिकला! आजी हसून हसून खुर्चीवर बसल्या, चष्मा काढून पुसायला लागल्या. ह्यांना अजून काही कळलं नव्हतं, पण सगळे हसतायत म्हणून तेही हसत होते. सुमतीनं मला मिठीच मारली. रूबेनचा स्वेटर निघाला, वरची पँट निघाली, रसनाचा पहिला ग्लास त्याला मिळाला.

मी स्मिताला जवळ घेतलं. ती अजून जराशी घाबरलेलीच होती. आणि तेव्हा, बघा, माझ्या डोक्यात उजेड पडला. या पोरीला खरंच वाटत होतं की आपल्याला लाटण्यानं मार बसणार आहे. खरंच वाटत होतं. आणि तरी ती मध्ये येऊन उभी राहिली होती. त्याची पण मला द्या, म्हणाली होती.

अहो, इतकी वर्षं मी ही एकच गोष्ट मुलांना सांगायचा प्रयत्न करत होते. दुसऱ्याची शिक्षा आपल्या अंगावर घेणं म्हणजे काय, प्रभूनं क्रुसावर काय केलं. किती वस्तू वापरल्या मी त्यासाठी! छत्री वापरली, मेणबत्ती वापरली, चुलीवरचं फडकं वापरलं. पोरं माना डोलवायची आणि रसनाकडे बघायची.

आणि मी तिला काय उत्तर दिलं? एकाची दुसऱ्याला देता येत नाही! सांगा, असली मास्तरीण कुठं बघितली आहे?

मी चटईवर बसले आणि मुलांना तेवढंच सांगितलं. स्मितानं आत्ता काय केलं, ते. बस्स. एरवी कावळ्यासारखी काव-काव करणारी माझी पोरं, पण एक पण जागचं हललं नाही. जेनी तर उठून स्मिताच्या शेजारी जाऊन बसली. रूबेननं आपली उशी बहिणीच्या मांडीवर ठेवली. लाटणं, झाडू, रिमोट, सगळं तसंच पडून होतं. आजींनी परत चष्मा काढून पुसला.

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "करुणाबाई, आता शेवटची प्रार्थना तुम्हीच करा. आणि मराठीतच करा हं. संकोच करू नका. सुधारते हळूहळू."

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! सगळ्यांनी डोळे मिटले. मी ठरवलं, आता एक शब्द चुकायचा नाही. शिक्षा तर तोंडातनं काढायचीच नाही. अगदी जपून, निवडून निवडून, पुस्तकातल्यासारखे शब्द वापरत मी सुरुवात केली.

"हे दयाळू प्रभो, आम्ही दुबळी माणसं आहोत. तरी पण लहानपणापासून, रोज सकाळ-संध्याकाळ, आम्ही अगदी मनापासून तुझ्या आज्ञा पाळायची चेष्टा करतो. आणि जन्मभर अशीच चेष्टा करत राहू."

मी एक डोळा किलकिला करून बघितलं, तर साळव्यांचे खांदे गदगदा हलत होते आणि सुमतीनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता.

अहो, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न हो!

आजींनी डोळे उघडले नाहीत. हात तसेच जोडलेले. अगदी गंभीर आवाजात म्हणाल्या,

"आमेन. बाई, इतकी खरी प्रार्थना मी आजवर ऐकली नव्हती."